साय चुकवणारी पावलं

१

गॉर्डन प्रुएट हरवल्याची बातमी मला तीन नंबरच्या संडासात कळली. हसू नका, माझं कामच ते आहे. पार्कातले अकरा संडास, चाळीस चुली आणि दिसेल तेवढा कचरा, हे माझं राज्य. बावीस वर्षं सांभाळतोय. मंगळवारची सकाळ होती, ऑक्टोबर संपत आलेला. ओढ्याकाठची कॉटनवुडची झाडं पिवळीधमक झाली होती, आणि रात्री इतकं गारठलं होतं की नळाच्या तोंडाशी बर्फ लोंबत होता. तेवढ्यात बाहेरून एका बाईचा आवाज आला.

"अहो, कुणी आहे का? माझा नवरा तंबूत नाहीये! त्याच्या स्लीपिंग बॅगला हातसुद्धा लागलेला नाही!"

ही जनेल प्रुएट. सोमवारी सकाळी नवऱ्याशी भांडून ती गावातल्या मोटेलात गेली होती. तंबूचा कंटाळा आला होता आणि गरम पाण्यानं अंघोळ करायची होती. मंगळवारी सातला परत येऊन बघते, तर तंबू रिकामा. गॉर्डन एकसष्ट वर्षांचा, ओहायोचा, रिटायर झालेला. वाळवंटातल्या दऱ्या हिंडायच्या आणि कुणाला ठाऊक नसलेल्या जागा नकाशासकट इंटरनेटवर टाकायच्या, हा त्याचा छंद.

आमचे चीफ रेंजर केसलर सहाच आठवड्यांपूर्वी समुद्रकाठच्या एका पार्कातून बदलून आलेले. त्यांनी तासाभरात माग काढला. तंबूमागून बुटांचे ठसे निघत होते, डाव्या टाचेला खाच असलेले.

"आमच्या कुत्र्यानं चावलीय ती टाच," जनेल म्हणाली आणि रडायला लागली. बुटांना घाण वास येतो म्हणून तिनंच ते तंबूबाहेर टेबलाखाली ठेवायला लावले होते. आता तिथे नव्हते.

ठसे पूर्वेला अर्धा मैल जाऊन कॉपर फोर्क दरीच्या तोंडाशी उघड्या कातळावर संपले. तिथे गॉर्डनची टोपी सापडली.

"सरळ आहे," केसलर म्हणाले. "दरीत शिरला आणि कुठेतरी पडला. सगळी माणसं कॉपर फोर्कमध्ये न्या. हेलिकॉप्टरही तिकडेच. आज रात्री कालच्याहून गार पडणार आहे. सूर्य जायच्या आत सापडला नाही, तर उद्या प्रेतच उचलायचं."

वीस माणसं दोर घेऊन गेली. मागे राहिलो मी आणि परवान्याच्या खिडकीवरची रॉझलिन क्लाय. रॉझलिनचा गुडघा कामातून गेलाय, म्हणून तिला जनेलजवळ बसवलं होतं. ती इथलीच, मेसाखालच्या, म्हणजे सपाट माथ्याच्या डोंगराखालच्या, नावाहो आदिवासींच्या वस्तीत वाढलेली. माणूस फॉर्म कसा भरतो यावरून हा कुठे अडकणार ते ती सांगते, आणि बहुतेक वेळा तो तिथेच अडकतो.

"ताई," तिनं जनेलला सहज विचारलं, "बुटांशिवाय त्यांच्या पायात घालायला दुसरं काय होतं?"

"कॅनव्हासचे बूट. असतील तंबूत."

जनेल तंबूत गेली, गाडीत शोधून आली आणि गोंधळून उभी राहिली. "तेही नाहीत."

रॉझलिन माझ्याकडे वळली. "लील, माणूस एका वेळी किती जोड घालतो रे?"

२

"रविवारी त्याच्या टाचांना हे एवढे फोड आले," जनेल सांगत होती. "म्हटलं, दोन दिवस गप बस. ऐकेल तर शपथ."

"दहा नंबरचा पाय ना? ठशांवरून वाटलं. आणि काठ्या?"

"दोन आहेत. त्यांच्याशिवाय तो संडासालाही जात नाही. गुडघे गेलेत त्याचे."

"बरं झालं, मी एकटी नाही," रॉझलिन आपला गुडघा चोळत म्हणाली. "भांडण कशावरून झालं?"

जनेलनं नाक पुसलं. "रविवारी संध्याकाळी दुर्बिणीतून त्याला कपारीत काहीतरी दिसलं. जुनं घर की काय. कुठे, ते सांगेना. उद्या फोटो काढतो आणि रात्री टाकतो म्हणाला. मी म्हटलं, इतकी वर्षं लपलंय तर राहू दे की. त्यावरून पेटलं."

जीप फिरवणारा गाइड डॅक्स होलीओक शोधपथकासाठी पाण्याचे कॅन भरत होता. सहा फूट चार इंच उंच, आवाजही तसाच. रविवारी सगळ्या कॅम्पसमोर त्यानं गॉर्डनला शिव्या घातल्या होत्या, त्यामुळे रॉझलिननं त्याच्यापुढे खुर्ची ओढली तसा तो आधीच भडकला.

"हो, म्हणालो मी! गेल्या वर्षी माझी वाट त्यानं नेटवर टाकली. आता तिथे शनिवारी रांग लागते, रांग! म्हणालो, पुन्हा दिसलास तर खड्ड्यात टाकीन. पण माणूस मारायचा असता तर आधी दवंडी पिटली असती का?"

"सोमवारी कुठे होतास?"

"दुपारपर्यंत गिऱ्हाइकं होती. मग घरी झोपलो."

"साक्षीला कोण?"

"माझं घोरणं."

शेवटी आम्ही आंट लारूच्या ट्रेलरकडे गेलो. लारू स्टोक्स, वय बहात्तर, कॅम्पची राखणदार. पगार नाही, काही नाही. दर शरद ऋतूत येते, नवरा होता तेव्हा त्याच्याबरोबर आणि आता एकटी. हे तिचं एकतिसावं वर्ष. मला आणि रॉझलिनला या वाळवंटात चालायला तिनंच शिकवलं. तिनं आमच्या हातात गरम चॉकलेटचे कप ठेवले. अंगात नवऱ्याचा जुना जीनचा कोट होता, बाह्या चार घड्या घालून वर केलेल्या.

"सोमवारी दिवसभर मी इथेच होते," ती म्हणाली. "चुलींतली राख काढली, पाट्या पुसल्या. तो जाताना काही दिसला नाही बाई. सापडेल ना गं?"

"बघू. अंधार पडायच्या आत सापडायला हवा."

"आणि ते हेलिकॉप्टर कॉपर फोर्कवरच फिरणार ना? मूनी वॉशच्या कोरड्या ओढ्याकडे नको म्हणावं. तिकडे रानमेंढ्या उतरल्यात, बिचकतील." थोड्या वेळानं कप उचलता उचलता तिनं पुन्हा विचारलं, "तिकडे नाही ना येणार?"

बाहेर पडल्यावर रॉझलिन माझ्या पिकअपमध्ये चढून बसली. "मला ते ठसे दाखव."

"तुझा गुडघा?"

"गुडघा माझा आहे, तू गाडी चालव."

३

इथली जमीन ज्यानं पाहिली नाही त्याला एक गोष्ट सांगायला हवी. वाळूवर इथे काळी, खडबडीत, जिवंत साय धरलेली असते. दुधावर धरते तशीच, फक्त ही धरायला शंभर वर्षं लागतात. पाय पडला की कुरकुर मोडते आणि खालची माती वाऱ्याबरोबर जाते. पार्कातला माणूस साय कधीच तुडवत नाही. दगडावरून जातो, ओढ्याच्या वाळूतून जातो, पन्नास पावलांचा वळसा घालतो. आता ते आमच्या पायांनाच कळतं.

मागाच्या दोन्ही बाजूंना केसलरच्या माणसांनी दोरी बांधली होती. रॉझलिन दोरीच्या कडेनं लंगडत चालली. मधेच थांबायची, वाकायची, पुन्हा चालायची. तिचं तोंड हळूहळू आवळत गेलं.

"काठ्यांची भोकं दिसतात का तुला?"

मी पाहिलं. एकही नव्हतं.

"आणि हे बघ. टाच खोल रुतलीय, पुढचा पंजा नुसता टेकलाय. सगळीकडे तसंच आहे. बुटात पुढे पाय पोचतच नव्हता."

"म्हणजे छोट्या पायाचा कुणीतरी?"

ती पुढे सरकली. बोट दाखवत राहिली. ठसे एका दगडावरून दुसऱ्या दगडावर, मग वाळूच्या पट्ट्यात, मग डावीकडे मोठा वळसा. सरळ गेलं असतं तर वीस पावलं, हे साठ पावलं फिरून गेले होते. अर्ध्या मैलात एकदासुद्धा साय मोडली नव्हती.

आणि रविवारी याच गॉर्डननं तंबू नेमका सायीवर ठोकला होता. आंट लारूनं त्याला उठवला, तर तो म्हणाला, "मातीच आहे की बाई!" आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यानं मुद्दाम पाय आपटून दाखवला.

"हे ठसे त्याचे नाहीत," मी म्हणालो. "हा आपल्यातलाच कुणीतरी आहे, रॉझलिन."

"आणि तो माणूस कॉपर फोर्कमध्ये नाहीये," ती म्हणाली. "वीस माणसं आणि हेलिकॉप्टर चुकीच्या दरीत हिंडतायत."

घड्याळात दोन वाजून गेले होते. मी पिकअपकडे पळणार, इतक्यात एका झुडपाशी ठसे मागाबाहेर वळलेले दिसले. चारी बाजूंना साय आणि मध्ये वाळूचा एक खळगा. खळग्यात तेच खाचेचे ठसे आणि एका गुडघ्याचा खड्डा. दुसऱ्या कुणाचं पाऊल नव्हतं.

मला एकदम आठवलं. सोमवारी सकाळी रस्त्यावरून याच झुडपात अडकलेला चंदेरी फुगा मी पाहिला होता, कुणाच्या तरी वाढदिवसाचा, वर पाचाचा आकडा. संडास झाले की काढू म्हटलं आणि विसरलो.

आता फुगा नव्हता.

४

केसलरना वायरलेसवरून बोलावून घेतलं. ते धावत आले, येताना तीन ठिकाणी साय मोडत. रॉझलिनचं बोलणं त्यांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"होलीओक! धमकी दिली होती, सोमवारी दुपारी एकटा होता, आणि वाळवंट त्याला पाठ आहे. त्यालाच पकडतो."

"त्याला आधी ते बूट घालता येतात का बघा," रॉझलिन म्हणाली.

डॅक्सला आणलं. त्यानं आपला पाय केसलरच्या पायाशेजारी ठेवला. चौदा नंबरचा पाय आहे त्याचा, होडी म्हटलं तरी चालेल. दहा नंबरच्या बुटात त्याचा अंगठा गेला असता, बाकीचा बाहेर राहिला असता.

"मी माणूस मारला नाही," डॅक्सचा आवाज एकाएकी खाली आला. "वेळ घालवू नका साहेब. तो खरंच मरेल."

केसलर माझ्याकडे बघायला लागले. मी माझा बारा नंबरचा पाय पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा अभिमान वाटला.

"फुग्याचा विचार करा," रॉझलिन म्हणाली. "हा माणूस चोरून खोटा माग उमटवतोय. कुणी पाहील म्हणून जीव मुठीत धरून चाललाय. तरी वाटेत कचरा दिसतो आणि त्याला राहवत नाही. वळतो, गुडघा टेकतो आणि फुगा सोडवून घेतो. खळग्यात दुसऱ्या कुणाची पावलं नाहीत, म्हणजे फुगा ज्याच्याकडे, ते बूट त्याच्याच पायात होते. लील, कचऱ्याचं काय केलंस आज?"

आजचा कचरा माझ्याच पिकअपमध्ये होता. सकाळी सहाला मी सगळ्या पिशव्या उचलल्या होत्या आणि या गडबडीत त्या तशाच राहिल्या होत्या. आम्ही एकेक फोडत गेलो. डबे, अंड्यांची टरफलं, डायपर. सातव्या पिशवीला हात घातला आणि माझा हात तिथेच थांबला. तिचं तोंड गवताच्या गंजी बांधतात तसल्या निळ्या सुतळीनं बांधलं होतं. अख्ख्या कॅम्पमध्ये तशी सुतळी एकच माणूस वापरतो.

"उघड," रॉझलिन म्हणाली.

"नको."

"लील. साडेतीन वाजलेत."

मी गाठ सोडली. वरच चंदेरी फुगा होता, हवा काढून, नीट चौकोनी घडी घातलेला.

५

आंट लारू ट्रेलरच्या पायरीवर बसली होती. केसलर पुढे निघाले तसं रॉझलिननं त्यांना हातानं मागे सारलं आणि ती खालच्या पायरीवर बसली.

"आंट लारू, तुझं लाल लोकरी जॅकेट कुठाय गं?"

"धुवायला टाकलंय."

"ऑक्टोबरात तू ते अंगावेगळं करत नाहीस. दोरीवरही दिसत नाही."

आंट लारू कोटाच्या बाहीची घडी उलगडत राहिली. मी मनात म्हणत होतो, काहीतरी सांग, फुगा वाऱ्यानं आला म्हण, मी विश्वास ठेवीन.

"ते तू त्याच्या अंगावर घातलंस. मेलेल्याला कुणी जॅकेट घालत नाही," रॉझलिन म्हणाली. "म्हणजे तू निघालीस तेव्हा तो जिवंत होता, आणि त्याला थंडी वाजत होती. मूनी वॉशमध्ये ना? तिकडे हेलिकॉप्टर नको, हे तू दोनदा म्हणालीस."

म्हातारीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोलली तेव्हा आवाज ओळखू येईना.

"मी त्याला हात लावला नाही गं. देवाशपथ. मी वर त्या जुन्या घरापाशी होते, दर सोमवारी जाते, नुसतं बघून येते. हा फोन नाचवत आला. म्हणाला, आज रात्री जगाला दाखवतो. मी पाया पडले त्याच्या. तो फोटोसाठी मागे मागे सरकत गेला आणि खालच्या कपारीत पडला. पाय मोडला. मी पाणी ठेवलं, जॅकेट घातलं, म्हटलं माणसं घेऊन येते. आणि खरंच निघाले होते, रॉझलिन."

"मग?"

"वाटेत मनात आलं, माणसं म्हणजे किती? चाळीस जण, दोर, टीव्हीवाले. वर्षाच्या आत त्या भिंतीवर नावं कोरतील. तिथल्या कोठाराच्या झाकणाला अजून दोरी आहे गं, शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी बांधलेली. आत कणसं आहेत. आम्ही दोघांनी एकतीस वर्षं कुणाला सांगितलं नाही, पोटच्या लेकीला नाही. म्हटलं, आधी सगळ्यांना दुसरीकडे पाठवू, मग बघू. त्याचे बूट टेबलाखाली होते, टोपी तंबूत. दोन जोड मोजे चढवून घातले. मग रात्र झाली. आणि मग सांगायची वेळच गेली."

मला तिचा राग यायला हवा होता. आला तो नंतर, घरी गेल्यावर. तेव्हा फक्त रडू येत होतं.

"आमच्याकडे त्या घरांच्या वाटेला कुणी जात नाही," रॉझलिन म्हणाली. "आजी म्हणायची, ज्याचं त्याला असू दे. त्या घराला राखणदार लागत नाही, आंट लारू. त्या माणसाला लागतो. कुठल्या कपारीत?"

आंट लारूनं डोळे पुसले आणि उठून उभी राहिली.

"नकाशावर दाखवून कळायचं नाही. मला यावं लागेल."

६

मूनी वॉशच्या तोंडाशी गाड्या थांबल्या तेव्हा पाच वाजले होते. पुढे चाकं जात नव्हती, आणि हेलिकॉप्टर इंधन भरायला गेलं होतं. काउंटीचा पोलीस गाडीपाशी थांबला. केसलर, डॅक्स, दोरवाले दोघे, रॉझलिन, मी आणि सगळ्यांच्या पुढे आंट लारू, असे आम्ही निघालो. डॅक्सनं स्ट्रेचर एकट्यानं खांद्यावर टाकलं होतं.

पाव मैलावर कातळ दिसत होता. मध्ये सगळी काळी साय, कुठेही न मोडलेली, एवढी मी एका जागी पार्कात पाहिली नव्हती. आंट लारूचे पाय आपोआप डावीकडच्या दगडांकडे वळले.

"त्या वाटेनं किती वेळ?" केसलरनी विचारलं.

"तास. स्ट्रेचर घेऊन जास्तच."

सूर्य कड्याला टेकायला आला होता आणि सावलीत श्वासाची वाफ दिसायला लागली होती. मग रॉझलिननं दुखरा पाय उचलला आणि सरळ सायीवर टाकला. कुरकुर आवाज झाला. तिच्यामागून डॅक्स गेला, केसलर गेले, मी गेलो. मागे पाहिलं तर आंट लारू मान खाली घालून आमच्या पावलांत पाऊल टाकत येत होती.

कातळ चढून गेल्यावर तिनं बोटानं वर दाखवलं. कपार तीस फुटांवर होती, पण पुढे आलेल्या दगडामुळे आतलं काही दिसत नव्हतं.

"गॉर्डन!" केसलर ओरडले. उत्तर नाही. डॅक्सनं हाक मारली, दरी घुमली, आणि पुन्हा सगळं शांत. आंट लारू माझा दंड धरून उभी होती. "देवा," ती पुटपुटत होती, "देवा, बोलू दे त्याला."

"गॉर्डन!" रॉझलिननं तोंडाभोवती हात धरले. "जनेल खाली कॅम्पवर वाट बघतेय!"

बराच वेळ काही झालं नाही. मग वरून खरखरीत, ओळखू येणार नाही असा आवाज आला.

"कोण आहे?"

डॅक्सच्या तोंडून हुंदका फुटला, एवढ्या दांडग्या माणसाच्या. दोरवाले पट्टे आवळायला लागले. आंट लारूच्या चेहऱ्यावर मी आनंद पाहिला, खराखुरा आनंद. ती हाक मारायला पुढेही झाली होती.

"थांबा!" वरून तो ओरडला. आवाज चिरकला. "ती म्हातारी तुमच्याबरोबर नाहीये ना? माणसं आणते म्हणाली आणि मला टाकून गेली! तिला वर आणू नका! सांगा मला, ती नाहीये ना?"

सगळे आंट लारूकडे बघायला लागले. तिचा हात माझ्या दंडावरून गळून पडला. एकतीस वर्षं या कॅम्पातली रडकी पोरं तिच्या मांडीवर गप्प झाली होती. तिच्या आवाजाला कुणी भ्यायलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही म्हण.

"नाही!" मी ओरडलो. "ती नाहीये इथे!"

"नक्की?"

"नक्की!"

आंट लारू वळली आणि खाली पोलीस उभा होता तिकडे एकटीच चालायला लागली. मी दोरवाल्याकडून दोर घेतला आणि त्याचं वेटोळं उलगडायला लागलो.